विंगेतलं स्टूल

६ जानेवारी

काल्याच्या जत्रेतल्या नाटकाची सभा होती. देवळाच्या सोप्यावर सगळे जमलेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. तीस वर्षं या गावच्या नाटकाला मी प्रॉम्प्टर आहे, मला बोलावणं कसलं? मी पायरी चढलो आणि सगळ्यांची तोंडं मिटली. ऐकू येत नसलं तरी मिटलेली तोंडं दिसतात.

दत्ताराम अध्यक्ष. माझ्याच वर्गात पाढे शिकला. त्यानं कागदावर लिहून दिलं, 'मास्तर, यंदा तुम्ही विश्रांती घ्या. पहिल्या रांगेत मानाची खुर्ची ठेवतो.'

मानाची खुर्ची! फोटोला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. कागद तिथंच चुरगळून टाकला आणि घरी आलो. जेवलो नाही.

७ जाने.

कारण कळलं. सुमतीला तीनदा विचारलं तेव्हा पाटीवर लिहिलं तिनं. (हीही एक गंमत. नोकरीभर मी फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी वाचलं. आता बायको पाटीवर लिहिते आणि मी वाचतो.)

गेल्या वर्षी शेवटच्या अंकात राजा मरताना पाणी मागतो. मी विंगेतून हळूच शब्द दिला, 'पाणी… पाणी…' हळूच म्हणजे माझ्या मते. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, तर हळू किती आणि मोठा किती हे मोजणार कसं? सगळ्या मांडवाला ऐकू गेला म्हणे. राजानं तोंड उघडायच्या आधी पुढच्या रांगेतला एक म्हातारा पाण्याची बाटली घेऊन रंगमंचावर चढला.

लोक हसले ते मला आठवतं. मला वाटलं, राजाची दाढी सुटली असेल.

वर्षभर हे कुणी मला सांगितलं नाही. एकानंही!

११ जाने.

कान परत वाहतोय. उजवा. मशीन घातलं की वाहतो, काढलं की थांबतो. आणि घालून तरी काय, तीन-चार वर्षं झाली, मशीन नुसतं कानात बसलेलं असतं, पेंगणाऱ्या शिपायासारखं.

वास येतो. मला माहीत आहे येतो. न्हावी मान तिकडे करून केस कापतो. शाळेत असताना मास्तरांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं ते याच वासामुळे, आणि शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही म्हणून मारलंही त्यांनीच. डावा कान बाविसाव्या वर्षी ऑपरेशन करून हाड कोरून काढलं तेव्हाच गेला. तोही अधूनमधून वाहतो. मेलेला कान वाहतो तरी कसा, देव जाणे.

सुमती म्हणते, मोठ्या इस्पितळात दाखवूया. ओठांवरून कळलं. बुधवारी जातोय.

१५ जाने.

इस्पितळ. काचेच्या खोलीत बसवून तपासणी. दाणा पडल्यासारखं काही वाजलं तर बोट वर करायचं. पाऊण तास बसलो. बोट एकदाही वर केलं नाही. एकदा खाजवायला केलं, तर बाईनं लिहूनसुद्धा घेतलं!

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्या सगळं सुमतीशी बोलल्या. मी मध्ये बसलेलो, या खुर्चीवरून त्या खुर्चीकडे बघतोय. शेवटी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "बाई, कान माझा आहे. बायको नुसती सोबत आली आहे." त्या चपापल्या. मग मात्र खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पानंच्या पानं लिहिलं. अक्षर वाईट, पण माणूस सरळ.

ते कागद जपून ठेवलेत. मुद्दा असा:

मशीननं आता काही होणार नाही. कानाच्या आतल्या शंखात तार बसवायची, ती थेट नसेला आवाज पोचवते. कॉक्लियर इम्प्लांट. पण माझ्या वाहत्या कानात तार घातली तर घाण तारेवरून आत जाईल, मेंदूपर्यंत. शिवाय पडद्यामागं कातडी वाढलीय, कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्यानं, आणि ती हाड खातेय. म्हणून आधी ते सगळं खरवडून काढायचं. मग पोटाची चरबी काढून कानाच्या पोकळीत भरायची. आणि कानाचं भोक शिवून टाकायचं. कायमचं. सहा महिने थांबायचं, आत काही उगवत नाही ना ते बघायचं, मग तार.

म्हणजे ऐकू यावं म्हणून कान शिवायचा! मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाटकं लिहिता काय?" त्या हसल्या नाहीत. लिहिलं, 'भोक उघडं ठेवलं तर कान कोरडा राहणार नाही. तुमचा कान पन्नास वर्षं तेच सांगतोय.'

कागदांची घडी करून खिशात घातली.

१६ जाने.

गावभर झालं. हे पेडणं, इथं कुणाच्या घरात कुळीथ शिजलं तरी बाजारात कळतं. पोदेर पाव द्यायला आला आणि सायकल लावून बोलतच उभा राहिला. सुमतीनं नंतर पाटीवर लिहिलं: 'ह्या वयात कान कशाला म्हणतो.'

उद्यापासून त्याचा पाव बंद. त्याच्या वयात दात कशाला?

१९ जाने.

आज कळलं की देवळात जाऊन कौल लावून आले. माझी थोरली वहिनी, सुमती आणि पुण्याहून फोनवर मुलगा विनय. देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या, उजवीकडची पडली, म्हणजे ऑपरेशनला होकार.

देवाला विचारलं. भटाला दक्षिणा दिली. विनयला विचारलं. मला विचारलं नाही! मी काय गुरं बांधायचा खुंट आहे?

आणि डावीकडची पडली असती तर? मला न सांगता डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून कळवलं असतं? सुमतीनं पाटी कोरीच भिंतीला टेकवून ठेवली. तिचं माहेर कारापूर. कारापूरची माणसं आतल्या गाठीची, असं माझी आई म्हणायची.

मी माझा होकार माझ्या हातानं लिहून इस्पितळात पाठवला. पाकळी पडली म्हणून नाही. मला माझं स्टूल परत हवं म्हणून.

२३ जाने.

काल नाटक. मानाच्या खुर्चीवर बसलो.

पहिली रांग म्हणजे नट स्वच्छ दिसतात. पहिल्याच प्रवेशात उल्हास (गॅरेजवाला, दरवर्षी राजा तोच) अडकला. अडकला की तो कुठे बघतो ते मला पाठ आहे: मान किंचित वर, नजर उजव्या विंगेत. माझं स्टूल डाव्या विंगेत. इतकी वर्षं मला वाटायचं, राजाची ढब आहे ती.

काल कळलं. तो शब्द घ्यायला बघत होता.

मध्यंतरात आत गेलो. उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, भाताच्या गोणीवर सुमती बसलेली. मांडीवर वही. अख्खं नाटक तिच्या हातानं उतरवलेलं, पानांना हळदीचे डाग. नुसतं यंदाचं नाही. वहीच्या सुरुवातीला गेल्या तीनही वर्षांची नाटकं.

तीन वर्षं! तीन वर्षं मी डाव्या विंगेत बसून शब्द देत होतो, घाम गाळत होतो, आणि नट उजवीकडून माझ्या बायकोचा शब्द घेत होते. दत्तारामाला माहीत, उल्हासला माहीत, पेटीवाल्याला माहीत. पडदा ओढणाऱ्यालाही माहीत. एक मीच खुळा.

दुसरा अंक बघितला नाही.

२४ जाने.

बोलत नाही कुणाशी.

२५ जाने.

तिनं पाटी भरून लिहिलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. जसंच्या तसं उतरवतो:

'तुम्हाला नट बोलायचे थांबले की नाही ते ऐकू येत नव्हतं. तुम्ही दोन वाक्यं पुढे जायचात, नाहीतर चार मागे राहायचात. लोक म्हणाले, मास्तरांना काढूया. मी म्हटलं, काढू नका, मी बसते. तुमच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती होती? सांगून बघितलं असतं तर तुम्ही गावच सोडलं असतं.'

खाली खडूनं बारीक अक्षरात: 'आता ओरडा.'

ओरडलो नाही. पाटी पुसली. ती उपकार करत होती की दया, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि दोन्हींचा मला सारखाच संताप आहे.

१४ फेब्रुवारी

पहिलं ऑपरेशन झालं, गेल्या शुक्रवारी. डोक्याला फेटा बांधल्यासारखं बँडेज, पोटावर टाके. कानाचं दुखणं पोटात, असं प्रथमच.

डॉक्टरीणबाईंनी एक बाटली दाखवली. कानातून काय निघालं: कांद्यासारखी ती कातडी, जुन्या कापसाचा बोळा आणि लसणीचा तुकडा.

लसूण!

वहिनी मोरजीहून बघायला आलेली. बाटली बघून तिनं पदर तोंडाला लावला. दसऱ्याच्या सुमारास मी तापानं पडलो होतो, तेव्हा हिनं लसूण घालून तेल कढवलं आणि झोपेत माझ्या कानात ओतलं. गाळायला विसरली! म्हणे, सगळे घालतात. म्हणे, तेलानं कुणाचं वाईट झालंय? बाई गं, माझा कान म्हणजे कुलेर, फोडणीची पळी, आहे काय?

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर एक कागद लिहीत होत्या. मला वाटलं चांगलं झापतील. लिहिलं होतं: 'आता भोक शिवलंय. तेल घालायला जागाच नाही.' वहिनीनं तो वाचला आणि हात जोडले.

हसू आलं मला. टाके दुखले.

२ मार्च

उजव्या कानाच्या जागी आता नुसती पाळी, आत खळगा, त्याला तळ शिवलेला. बोटानं चाचपून बघतो. वाहत नाही. उशी कोरडी. जन्मात पहिल्यांदा उशी कोरडी.

पण शांतता निराळी आहे. आधी निदान मेघ गडगडला, दार आपटलं तर काहीतरी धम्म लागायचं. आता तेही नाही. मागून म्हैस आली तरी कळत नाही. परवा खरंच आली.

सुमतीशी बोलतो, कामापुरतं.

२० एप्रिल

सरकारी योजनेचं विचारायला कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं छापील कागद पुढे केला. लहान मुलांसाठी आहे. मोठ्यांचं काय? त्यानं खांदे उडवले. मग माझ्या पाळीत वाकून बघितलं आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाला. ओठ वाचता येतात मला, हे त्याला कुठे माहीत? तो म्हणाला, "ह्याका भोकच ना, यंत्र खंय घालतलो?" भोकच नाही, तर यंत्र कुठे घालणार, असं.

मी म्हटलं, "तुला दोन आहेत, त्यांतून काय आत गेलं आजवर?" आणि बाहेर आलो. विनयनं कळवलं, बाबा, खर्चाचं मी बघतो, तुम्ही कचेऱ्या फिरू नका. पोरगा माझा आहे म्हणून हो म्हटलं.

९ ऑगस्ट

स्कॅन स्वच्छ. आत काही उगवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः खाली येऊन सांगितलं, कागदावर मोठं 'छान' लिहून. तार या महिन्यात.

सुमती बाकावर बसून रडली. का ते विचारलं नाही. तिच्यासाठी चहा आणला.

२९ ऑगस्ट

तार बसली. यावेळी पोटाला हात नाही. कानामागं कातडीखाली उंचवटा लागतो. चालू करणार टाके सुकल्यावर.

१७ सप्टेंबर

चालू केलं.

कानामागे एक यंत्र, त्याची चकती डोक्याला चुंबकानं चिकटते. यंत्र लावणाऱ्या मॅडमनी कळ दाबली आणि कुणीतरी माझ्या कवटीत पत्र्याचा डबा खडखडवला. मी चकती काढून टेबलावर आपटली.

हा आवाज? यासाठी कान शिवला? मॅडमचा आवाज चिपळ्यांसारखा. सुमतीचा… सुमती काहीतरी म्हणाली, टुक टुक टुक, भिंतीवरची पाल बोलली असती तर असंच बोलली असती. ओठांवरून कळलं, "आयकूंक येता न्ही?", ऐकू येतंय ना. तो आवाज आणि तो ओठ यांचा काही संबंध नाही!

मॅडमनी लिहिलं: 'मेंदूला ही नवी भाषा आहे. रोज सराव. पाठ असलेलं काहीतरी घरच्यांना वाचायला सांगा, तोंड झाकून.'

घरी येऊन चकती परत लावली. लोखंडी कपाटाजवळ गेलो तर कपाटालाच जाऊन चिकटली. तिलाही मी आवडत नाही.

२१ सप्टें.

गणपतीची चवथ आटोपली. आरती म्हणजे भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखी. तरी काढलं नाही यंत्र. हट्टानं ठेवलं.

सकाळी जनेलाच्या गजांबाहेर एक आवाज. पों-पों. तोही पत्र्याचाच. पण दोनदा, मग थांबून दोनदा. पोदेर! सायकलचा भोंगा! धावत बाहेर गेलो. जानेवारीपासून त्याचा पाव बंद होता. सगळ्या पोयी घेतल्या, टोपली रिकामी केली. सुमती म्हणते, एवढ्या कोण खाणार. मीच खाल्ल्या.

६ ऑक्टोबर

सरावाला जुनं नाटक घेतलं. जे गावात पाच वेळा झालं, ते. सुमती समोर बसते, तोंडापुढे सूप धरते, वाक्य वाचते. मी म्हणून दाखवतो.

आज वीसपैकी वीस! एक चूक नाही. मॅडमना कळवायला विनयला सांगितलं. दत्तारामालाही निरोप: येत्या कार्तिकात तालीम लागेल तेव्हा माझं स्टूल पुसून ठेवा.

७ ऑक्टो.

आजही एक चूक होत नव्हती. पंधराव्या वाक्याला सुमतीनं सूप खाली केलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मी म्हटलं, वाच, थांबलीस का? तिनं पाटी घेतली.

'शेवटची पाच वाक्यं मी वाचलीच नाहीत. सुपामागं गप्प बसले होते.'

मी ऐकत नव्हतो. सूप वर गेलं की पुढचं वाक्य माझ्या डोक्यातून आपोआप येत होतं. ऐकू येतंय असंच वाटत होतं. शपथेवर सांगितलं असतं!

सूप उचलून अंगणात भिरकावलं. तांदूळ नव्हते त्यात, बरं झालं. तिला म्हटलं, तुला फसवल्याशिवाय जमत नाही का गं? आधी तीन वर्षं, आता हे! ती उभी राहिली. यावेळी पाटी घेतली नाही. तोंडानंच बोलली, हळूहळू, ओठ दाखवत: "तीन वर्सां खोटें चालू दिलें, ती म्हजी चूक. म्हणून हें चालू दिवंक ना." म्हणजे, हे मी चालू दिलं नाही.

मग अंगणात गेलो. सूप मीच उचलून आणलं. त्याची एक काडी मोडलीय.

१२ ऑक्टो.

मॅडमकडे. सगळं सांगितलं, लाज वाटली तरी. त्या म्हणाल्या (लिहिलं नाही, बोलल्या, आणि ओठ बघत का होईना, मला निम्मं लागलं), पाठ असलेलं पुरे. आता नवं घ्या, न वाचलेलं. वाचणाऱ्यानं काय वाचलं ते आधी कागदावर लिहून घडी करायची. ऐकणाऱ्यानं काय ऐकलं ते स्वतः लिहायचं. मग दोन्ही उघडायचे.

२५ ऑक्टो.

दत्ताराम आला होता. यंदाचं नवं नाटक घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाला, पुढच्या रविवारी सभा आहे. पाठमोरा राहून उल्हास दहा वाक्यं बोलेल, ती तुम्हाला लागली तर स्टूल तुमचं. नाही लागली तर सुमतीवहिनींचं. गावासमोर, उघड. लपवाछपवी आता नाही.

बरं केलं. मला यातलं फक्त 'उघड' आवडलं.

नाटकाचं पान उघडलेलं नाही मी. वाचलं की पाठ होतं, आणि पाठ झालं की मी स्वतःलाच फसवतो. सुमतीनं कुलपात ठेवलंय.

२८ ऑक्टो.

तीन दिवस. लिहिलेलं काहीच जुळत नाही. 'सेनापती' म्हटलं तर मी लिहिलं 'शेणाची'. सुमती हसली नाही म्हणून जास्त राग आला. 'तलवार'च्या जागी 'मंगळवार'. आजचा मंगळवार खरंच वाया गेला.

रविवार जवळ आला.

३० ऑक्टो., सकाळी

दहाची वेळ, पेज वाढून ठेवलेली. मी सकाळपासून धुमसतोय. रविवारी जातच नाही म्हणालो, दत्तारामाला काय ते सांग, मी पहिल्या रांगेत बसून शेंगदाणे खाईन. सुमतीनं कुलूप उघडलं. नाटक काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं, घडी केली, माझ्या पेजेच्या वाडग्याखाली सरकवली. मोडकं सूप तोंडापुढे धरलं.

एकच वाक्य. पत्र्याचंच. पण या वेळी डब्याच्या आत कुणीतरी माणूस होता.

मला जे लागलं ते लिहितो, खोडाखोड न करता:

'महाराज, राग सोडा. पेज निवता.'

पहिलं अर्धं नाटकातलं असू शकेल. दुसरं अर्धं कुठल्याही नाटकात नसतं, राजे पेज खात नाहीत. मग ते तिचं असेल. किंवा मला भूक लागली होती, आणि माझ्या डोक्यानं पुन्हा तेच केलं.

सूप खाली ठेवून ती माझ्याकडे बघत बसलीय. वाडगा मी अजून उचललेला नाही, म्हणजे कागदही वाडग्याखाली तसाच आहे. वाडग्याला हात मात्र लावून बघितला.

पेज निवलीय.